ओव्हरक्लॉकिंगनंतर संगणक सुरू होत नाही : दोष मदरबोर्डचा की सेटिंग्जचा?

ओव्हरक्लॉकिंगबाबत, म्हणजे भाग ठरलेल्या वेगाहून जास्त वेगाने चालवण्याबाबत, आपण दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे. एएम५ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेच्या) मदरबोर्डवर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅमच्या चार पट्ट्या बसवलेल्या आहेत. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जच्या प्रणालीत) एक्सपो प्रोफाइल, म्हणजे रॅमच्या वेगवान सेटिंग्जचा तयार संच, चालू करून आपण रॅम ६००० वर नेली आणि त्याच बैठकीत कर्व्ह ऑप्टिमायझरमधून (प्रोसेसरचे व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगमधून) सर्व कोअरना उणे ३० ही किंमत दिली. पहिले काही दिवस सारे सुरळीत चालले. आता मात्र रात्रभर बंद असलेला संगणक सकाळी सुरू केला की पंखे फिरतात, मॉनिटर काळाच राहतो आणि थोड्या वेळाने संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो; दोन-तीनदा रीसेट केल्यावर विंडोज उघडते. त्यानंतर तासन्‌तास गेम चालवला तरी काही होत नाही, पण नुसता ब्राउझर उघडा असताना संगणक अचानक रीस्टार्ट होतो. मदरबोर्ड खराब झाला आहे का आणि तो बदलावा का, असे आपण विचारले आहे.

मदरबोर्ड बदलण्याची घाई करू नये. आपल्या वर्णनात मला दोन स्वतंत्र दोष दिसतात आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्यामुळे ते एकमेकांत मिसळले आहेत. थंड अवस्थेत सुरू न होणे हे बहुतेक करून रॅमचे लक्षण आहे, तर काम नसताना रीस्टार्ट होणे हे कर्व्ह ऑप्टिमायझरचे. संगणक कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या अवस्थेत अडतो, हे नीट पाहिले तर सुटे भाग बदलून पाहण्याची वेळ सहसा येत नाही. त्यासाठी सुरू होण्याचा क्रम डोळ्यांसमोर असला पाहिजे.

पॉवर बटन दाबल्यावर मदरबोर्ड एसएमपीएसला (वीजपुरवठा करणाऱ्या युनिटला) सुरू होण्याचा संकेत देतो. एसएमपीएसचे सर्व व्होल्टेज स्थिर झाले, की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत तो ‘पॉवर गुड’ हा उलट संकेत पाठवतो. मग मदरबोर्डवरील व्हीआरएम (व्होल्टेज नियंत्रित करणारे भाग) प्रोसेसरला लागणारे व्होल्टेज तयार करतात आणि प्रोसेसरला थोपवणारा रीसेटचा संकेत सुटतो. एएमडीच्या सध्याच्या प्रोसेसरांमध्ये यानंतर मुख्य कोअर लगेच जागे होत नाहीत. आधी आतला छोटा सुरक्षा-प्रोसेसर बायोसच्या चिपमधून आपला कोड वाचतो आणि रॅम वापरण्यायोग्य करतो, त्यानंतर मुख्य कोअर कामाला लागतात. पुढे ग्राफिक्स, मग डिस्क, आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टीम. आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावे छापलेले चार बारीक दिवे असतात. जो दिवा लागून राहतो, तेथे संगणक अडलेला असतो. आपण प्रश्नात या दिव्यांचा उल्लेख केलेला नाही. उद्या सकाळी सर्वप्रथम तेच पाहावे. महागड्या बोर्डांवर दोन अंकी कोड दिसतो आणि त्याचा अर्थ बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे रॅमच्या अडचणीत कधी सीपीयूचा दिवाही लागतो आणि माणूस भलत्याच भागाच्या मागे लागतो.

डीरॅमचा दिवा लागून राहिला तर लगेच वीज तोडू नये. डीडीआर५ मध्ये ६००० चा वेग म्हणजे प्रत्येक डेटा-रेषेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट जातात. एका बिटच्या वाट्याला सुमारे १६७ पिकोसेकंद येतात. एवढ्या अरुंद फटीत बिट नेमका कधी वाचायचा, हे कंट्रोलरला प्रत्येक रेषेसाठी स्वतंत्रपणे शोधावे लागते. यालाच मेमरी ट्रेनिंग म्हणतात. नवी रॅम बसवल्यावर, बायोस अद्ययावत केल्यावर किंवा सीमॉस (बायोसच्या सेटिंग्ज साठवणारी मेमरी) पुसल्यावर हे ट्रेनिंग मुळापासून होते. रॅमची क्षमता मोठी आणि पट्ट्या चार असतील, तर त्याला कित्येक मिनिटे लागू शकतात. या काळात मॉनिटर काळा राहणे आणि संगणक एक-दोनदा स्वतःहून बंद-चालू होणे, दोन्ही स्वाभाविक आहे. संगणक बंद पडला असे समजून अनेक जण याच वेळी बटन दाबून धरतात. ट्रेनिंग अर्धवट तुटते आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू होते. निदान १५ मिनिटे थांबून पाहावे.

आता पहिले प्रत्यक्ष काम, म्हणजे सर्व सेटिंग्ज मूळ स्थितीत आणणे. बायोसमध्ये जाता येत असेल, तर आधी सध्याच्या सेटिंग्जची मोबाइलवर छायाचित्रे काढावीत, विशेषतः डिस्क एएचसीआय आणि रेड या जोडणीच्या दोन पद्धतींपैकी कोणत्या पद्धतीवर आहे, हे नोंदवावे. सीमॉस पुसल्यावर ही पद्धत बदलली तर विंडोज सुरू होताना बूट डिस्क सापडत नसल्याची ब्लू स्क्रीन देते आणि दोष नसलेल्या डिस्कवर संशय जातो. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी मिळवून ठेवावी, कारण बायोसमधील सुरक्षेच्या सेटिंग्ज बदलल्या की ती मागितली जाऊ शकते आणि ती हाती नसेल तर डेटा कायमचा जाऊ शकतो. त्यानंतर एसएमपीएसची केबल काढावी, पॉवर बटन काही सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्यावा आणि बोर्डावरील सीमॉसचे जंपर किंवा बटन वापरावे. ते नसेल तर सीआर२०३२ जातीचा बटन सेल काही मिनिटे काढून ठेवावा. सेल जुना असेल तर तो बदलूनच टाकावा. ३ व्होल्टचा हा सेल उतरला की तारीख-वेळ आणि सेटिंग्ज प्रत्येक वेळी पुसल्या जातात.

मूळ सेटिंग्जवर संगणक रोज सकाळी बिनतक्रार सुरू होऊ लागला, तर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस यांच्यावरचा संशय बराचसा मिटतो. ही खात्री एका दिवसात होत नाही. थंड अवस्थेतील दोष थंड अवस्थेतच तपासला पाहिजे, म्हणून काही दिवस सकाळची पहिली सुरुवात नोंदवत राहावी आणि तोपर्यंत कोणतीही सेटिंग बदलू नये.

मूळ सेटिंग्जवरही तो सुरू झाला नाही, तरच सुटे भाग तपासण्याची पाळी येते. अशा वेळी प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी एवढेच ठेवावे. पट्टी प्रोसेसरपासून मोजल्यास दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवावी; चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर ए२ हाच पहिला वापरायचा स्लॉट असतो. ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क काढून मॉनिटर थेट बोर्डाच्या पोर्टला जोडावा. रायझन ७००० मालिकेत जवळजवळ सर्व प्रोसेसरांत अंगभूत ग्राफिक्स असल्याने हे शक्य आहे. ७५००एफ सारख्या किंवा इंटेलच्या नावात एफ असलेल्या प्रोसेसरांत ते नसते आणि तेथे बोर्डाच्या पोर्टवर चित्र कधीच येणार नाही. २४ पिनांची मुख्य केबल आणि प्रोसेसरची ८ पिनांची केबल काढून पुन्हा घट्ट बसवावी. ही ८ पिनांची केबल राहून गेली असेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि संगणक मात्र सुरू होत नाही.

एक उपयुक्त चाचणी अनेकांना माहीत नसते. बोर्डाला छोटा स्पीकर जोडून सर्व रॅम काढून संगणक सुरू करावा. रॅम नसल्याची बीप ऐकू आली किंवा डीरॅमचा दिवा लागला, तर प्रोसेसरमधला सुरक्षा-प्रोसेसर तरी जिवंत आहे आणि बायोसचा कोड वाचला जातो आहे, हे एका झटक्यात कळते.

यानेही काही हाती लागले नाही तर प्रोसेसर काढून सॉकेट पाहावे. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात आणि त्यांतील एखादी वाकली असेल तर एखादा मेमरी चॅनल (रॅम आणि प्रोसेसर यांच्यातील मार्ग) दिसेनासा होतो. तिरप्या प्रकाशात पाहिल्यास पिनांच्या ओळीतील खंड चटकन लक्षात येतो. कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेल्यानेही असाच दोष उद्भवतो. म्हणून ते कर्णरेषेत, थोडे थोडे करून आवळावेत. कॅबिनेटमध्ये बोर्डाच्या छिद्राखाली नसलेला एखादा जादा स्टँडऑफ (बोर्ड टेकवण्याचा धातूचा छोटा खांब) राहिला असेल, तर तो बोर्डाच्या मागच्या बाजूला टेकून शॉर्ट करतो. शंका असल्यास बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून पाहावा.

एसएमपीएसची परीक्षा तार जोडून पंखा फिरतो का, एवढ्यावर थांबवू नये. त्यातून तो सुरू होतो इतकेच कळते, भार पेलतो की नाही हे कळत नाही. १२ व्होल्टच्या रेषेवर ५ टक्क्यांची मुभा असते, म्हणजे भाराखाली ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. हे मोजमाप मल्टिमीटरने करावे. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे आकडे बोर्डावरील सेन्सरचे असतात आणि ते बरेचदा विश्वासार्ह नसतात.

आता आपल्या रॅमकडे येतो, कारण मुख्य अडचण तेथेच आहे असे माझे मत आहे. एक्सपो किंवा एक्सएमपी हे रॅमच्या पट्टीवरील छोट्या चिपमध्ये नोंदवलेले वेग, टायमिंग आणि व्होल्टेज यांचे संच आहेत. डीडीआर५ चे प्रमाणित व्होल्टेज १.१ आहे, ६००० च्या प्रोफाइलमध्ये ते बहुधा १.३५ किंवा १.४ पर्यंत नेलेले असते. हा संच रॅमच्या उत्पादकाने तपासलेला असतो, पण आपल्या प्रोसेसरमधला कंट्रोलर आणि आपल्या बोर्डावरील रेषा तो पेलतील, याची हमी त्यात नसते. प्रोफाइल चालू करणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच आहे. एएमडीने रायझन ७००० साठी दोन पट्ट्यांवर ५२०० चा आणि चार पट्ट्यांवर केवळ ३६०० चा अधिकृत वेग दिलेला आहे. चार पट्ट्या असल्या की एका चॅनलवर दोन पट्ट्यांचा विद्युत भार येतो, सिग्नल परावर्तित होऊन गढूळ होतो आणि १६७ पिकोसेकंदांची ती फट आणखी अरुंद होते. त्यामुळे चार पट्ट्यांवर ६००० चालणे हा नशिबाचा भाग आहे. न चालणे हा बोर्डाचा दोष मानता येत नाही.

सकाळीच अडचण का येते, याचे उत्तर तापमानात आहे. रेषांचा आणि चिपांचा विलंब तापमानानुसार किंचित सरकतो. मोकळीक भरपूर असेल तर ते जाणवत नाही. मोकळीक संपत आलेली असेल तर थंड बोर्डावर ट्रेनिंग फसते आणि दोन-तीन प्रयत्नांत भाग थोडे तापले की जमते. त्यात ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ हा पर्याय चालू असेल, तर बोर्ड आदल्या वेळचे ट्रेनिंगचे निकाल तसेच वापरतो. सुरू होण्याचा वेळ वाचतो, पण सीमेवर असलेल्या रॅमला ते जुने निकाल जुळत नाहीत. तपासणीच्या काळात हा पर्याय बंद ठेवावा आणि सुरू व्हायला लागणारा जास्तीचा वेळ सोसावा. पुढे तो चालू करायचा असेल तर ‘पॉवर डाऊन’ हा त्याच्या जोडीचा पर्यायही चालू ठेवावा. पहिला चालू आणि दुसरा बंद, या जोडीने अस्थिरता आल्याचे वारंवार दिसून येते.

माझा स्पष्ट सल्ला असा, की तेवढी क्षमता दोन पट्ट्यांत मिळत असेल तर चारऐवजी दोनच वापराव्यात. दोन वेगवेगळे संच एकत्र करून चार केल्या असतील तर हे अधिकच खरे आहे, कारण नाव आणि आकडे तेच असले तरी आतल्या चिपा वेगळ्या असू शकतात. चारही आवश्यक असतील, तर प्रोफाइल तसेच ठेवून फक्त वेग ४८०० वर आणावा, तो पूर्णपणे तपासावा आणि मगच एकेक पायरी वर जावे. प्रत्येक पायरीवर आधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवावा, मग विंडोजमध्ये जड चाचणी घ्यावी. एकही चूक दिसली तर ती पायरी नापास. ‘एवढी एखादी चूक चालते’ असे रॅमच्या बाबतीत नसते.

येथे व्होल्टेज वाढवण्याचा मोह होतो, म्हणून एक मर्यादा ठामपणे सांगतो. एक्सपो चालू करताच पुष्कळ बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचे व्होल्टेज) आपोआप वाढवतात. २०२३ मध्ये एएम५ वरील काही प्रोसेसर, विशेषतः ३डी कॅशे (वेगवान मेमरीचा जादा थर) असलेले, जळाल्याच्या घटना समोर आल्या आणि त्यानंतर एएमडीने बायोसमधून या व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. आपला बायोस त्याआधीचा असेल तर तो अद्ययावत करणे हे सर्व ओव्हरक्लॉकिंगच्या आधीचे काम आहे. ही किंमत आपोआपवर न सोडता १.२० ते १.२५ च्या दरम्यान हाताने ठरवावी. ती वाढवत नेल्याने स्थिरता वाढतेच असे नाही. काही प्रोसेसरांत ती एका हद्दीनंतर कमी होते.

दुसरा दोष, म्हणजे काम नसताना रीस्टार्ट होणे, हा अनेकांना चक्रावून टाकतो, कारण जड काम पेलणारा संगणक हलक्या कामात पडेल असे वाटत नाही. कर्व्ह ऑप्टिमायझरमधील उणे किंमत ठरावीक वारंवारितेसाठी लागणारे व्होल्टेज कमी करते. सर्व कोअरांवर भार असतो तेव्हा वीज आणि तापमान यांच्या मर्यादेमुळे वारंवारिता खाली राहते आणि कमी केलेले व्होल्टेज पुरते. ब्राउझरमध्ये एखादे पान उघडताना मात्र एकच कोअर क्षणभर आपल्या सर्वोच्च वारंवारितेवर उडी घेतो, आणि नेमके तेथे व्होल्टेज कमी पडते. त्यामुळे गेम तासन्‌तास चालला, ही कर्व्ह ऑप्टिमायझरची परीक्षा ठरत नाही.

सर्व कोअरना सरसकट उणे ३० देणे मला पटत नाही. एकाच प्रोसेसरमधील कोअर सारखे नसतात. विंडोज ज्यांना हलकी कामे आधी देते, ते सर्वोत्तम कोअर मुळातच कमी व्होल्टेजवर उंच वारंवारितेला जातात, म्हणून त्यांच्यात कपातीला जागा सर्वांत कमी असते. कोणता कोअर पडतो हे विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहता येते. अचानक रीस्टार्ट झाल्यानंतर तेथे डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाची, १८ क्रमांकाची नोंद सापडते आणि तिच्यात प्रोसेसरचा एपीआयसी क्रमांक, म्हणजे थ्रेडचा ओळख-क्रमांक, असतो. प्रत्येक कोअरचे दोन थ्रेड असल्याने ० आणि १ हे पहिल्या कोअरचे, २ आणि ३ दुसऱ्याचे, असे समजावे. दोन चिपलेट (कोअर असलेल्या वेगळ्या चिपा) असलेल्या प्रोसेसरांत मधले काही क्रमांक सुटलेले असू शकतात. जो कोअर पुन्हा पुन्हा नोंदीत येतो, त्याचीच किंमत ५ ने शून्याकडे आणावी आणि बाकीच्यांना हात लावू नये. तपासणीसाठी कोअरसायकलर हे साधन एकेका कोअरवर आळीपाळीने प्राइम९५ ही जड गणिती चाचणी चालवते. ही चाचणी सर्व कोअर एकदम तापवणाऱ्या चाचणीपेक्षा येथे कितीतरी उपयोगी आहे. मात्र ती रॅम मूळ वेगावर ठेवूनच घ्यावी, नाहीतर चूक कोणाची हे पुन्हा कळणार नाही.

याउलट जड भाराखालीच संगणक पडत असता, तर मी व्होल्टेजच्या घसरणीकडे पाहिले असते. भार येताच प्रोसेसरचे व्होल्टेज थोडे खाली जाते आणि लोडलाइन कॅलिब्रेशन ते सावरते. हे कॅलिब्रेशन टोकाच्या पातळीवर ठेवू नये, कारण भार सुटताना व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्या मर्यादेच्या वर जाते. मधली पातळी पुरेशी असते. वीजवापर वारंवारितेच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारंवारिता ५ टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर उष्णता सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. केवळ तापमानाने संगणक सहसा रीस्टार्ट होत नाही. रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसर ९५ अंश सेल्सिअसला आपला वेग स्वतःच कमी करतात. भाराखाली वीज गेल्यासारखा तो एकदम बंद पडला, तर एसएमपीएसच्या संरक्षण-व्यवस्थेकडे आधी पाहावे.

अशीच अस्थिरता इंटेलच्या १३ व्या किंवा १४ व्या पिढीच्या उच्च श्रेणीतील प्रोसेसरवर दिसत असेल आणि मूळ सेटिंग्जवरही गेम बंद पडत असतील, तर मार्ग वेगळा आहे. तेथे प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून झिजत असल्याचे इंटेलने मान्य केले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोडमधून (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधून) त्या मागणीवर १.५५ व्होल्टची मर्यादा घातली. बायोस अद्ययावत केल्याने पुढचे नुकसान रोखले जाते, झालेले भरून निघत नाही. त्यासाठी वॉरंटीचाच आधार घ्यावा लागतो.

अस्थिर रॅमवर केलेले काम संशयास्पद असते, ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते. बिघडलेला बिट ब्लू स्क्रीन देईलच असे नाही. तो गुपचूप फाइलमध्ये लिहिला जातो. डीडीआर५ च्या चिपमध्ये चूक सुधारण्याची सोय असते, पण ती चिपच्या आतल्या चुकांपुरती आहे, चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या रेषांवर झालेली चूक तिला दिसत नाही. म्हणून अस्थिर अवस्थेत विंडोज इन्स्टॉल करू नये, मोठी अपडेट घेऊ नये आणि बायोस तर मुळीच फ्लॅश करू नये. मूळ सेटिंग्जवर आल्यानंतरही ब्लू स्क्रीन येत राहिल्या, तर नवे हार्डवेअर शोधण्याआधी विंडोजचा सिस्टम फाइल चेकर चालवावा. पुष्कळदा जुन्या अस्थिरतेने बिघडवलेल्या फाइल मागे राहिलेल्या असतात. बॅकअपही अस्थिरता सुरू होण्याआधीचाच विश्वासार्ह धरावा.

बायोस अद्ययावत करताना सीमॉस पुसलेले असावे आणि पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. बोर्डावर फ्लॅशबॅकचे बटन असेल तर मॉनिटरवर काहीही येत नसतानाही हे काम होते. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज तोडू नये. त्यानंतर पहिल्या सुरुवातीला ट्रेनिंग पुन्हा होणार, हे गृहीत धरून थांबावे.

एवढे सगळे करूनही मूळ सेटिंग्जवर डीरॅमचाच दिवा लागत राहिला, तर प्रत्येक पट्टी एकटी घेऊन ए२ स्लॉटमध्ये, मग बी२ स्लॉटमध्ये लावून पाहावी आणि निकाल कागदावर लिहावेत. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी बदलावी. दोष स्लॉटपाशीच राहिला, तर प्रोसेसर काढून, पिना आणि संपर्काच्या जागा तपासून, कूलर समान दाबाने पुन्हा बसवून तीच फेरी आणखी एकदा करावी. तरीही तोच स्लॉट अडत असेल, तर दोष बोर्डाच्या रेषेत आहे की प्रोसेसरच्या कंट्रोलरमध्ये, हे सेटिंग्जमधून ठरवता येत नाही. चालू असल्याची खात्री असलेला दुसरा प्रोसेसर त्याच बोर्डावर बसवून पाहिल्यावरच बोर्ड बदलण्याचा निर्णय घ्यावा.